वाऱ्याची नोंद

मी बुरुलकान. खिंडीवरच्या चौकीत
एकोणीस हिवाळे बर्फ मोजतेय.
पट्टी खुपसायची, आकडा लिहायचा,
कापडी नळी कुठल्या अंगाला फुगलीय ते बघून वारा लिहायचा,
आणि किती गाड्या वर गेल्या, किती खाली.
एवढंच काम. पगार उशिरा येतो.

त्या दिवशी लिहिलं होतं :
बर्फ चार बोटं. वारा पश्चिमेचा, बेताचा.
गाड्या वर : सात.

चौथी ताडपत्रीतली.
तिचा ड्रायव्हर अशी हाकत होता
जशी ओली बाळंतीण घाटातून न्यावी,
प्रत्येक खड्ड्याशी थांबून, खड्ड्याला विचारून.
पुढच्या-मागच्या गाड्यांतले शिपाई
तिच्याकडे बघायचं टाळत होते.
आपल्याच मालाला कुणी इतकं भितं?

आदल्या रात्री एसेनकुल येऊन गेलेला,
खाली इनेक-सायमधल्या दूधवाल्याचा थोरला.
चहा प्याला, बशीतले जर्दाळू संपवले,
आणि बूट चढवता चढवता म्हणाला,
"एजे, उद्या किती येणार?"
मी म्हटलं, मला आधी कळत नाही बाबा,
आल्यावर मोजते.
हे खरं होतं.
वरच्या वळणाशी लष्करी गाड्या जवळजवळ थांबतातच,
हेही बोलून गेले.
हेही खरंच होतं.

पहिली गोळी मला ऐकू आली नाही.
कावळे उठलेले दिसले.
मग पहिल्या गाडीचं टायर, मग सातवीचं,
मग अख्खा डोंगर दात खाऊ लागला.
मी मेजाखाली. शाई सांडून पदरावर.
फळीच्या फटीतून दिसत होतं :
चौथीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून,
आणि गाडी हळूहळू, अगदी सावकाश,
मागे, कड्याकडे.

एक शिपाई, मिसरूडही न फुटलेला,
हात वर करून रस्त्यात धावला.
मालाचं नाव त्यानं घेतलं नाही.
चौकीकडे तोंड करून ओरडला,
"वारा कुठला? वारा कुठला आहे?"

एकोणीस वर्षांत
मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मेजाखालूनच ओरडले, "पश्चिमेचा!"

पूर्वेला, खाली, धूर निघत होता चुलींचा.
इनेक-साय. त्याच्या पलीकडे यांची छावणी.
बंदुका गप्प झाल्या. आधी वरच्या, की खालच्या,
सांगता येणार नाही.

दगडांआडून पहिला एसेनकुल उतरला,
पोटाशी धोंडा कवटाळून.
मग ते, मग हे. चाकांमागे धोंडे, मागच्या फळीला खांदे.
मीही गेले, माझं बसायचं बाकडं घेऊन,
दुसरं काय होतं माझ्याकडे?
ते चाकाखाली सारलं. करकरलं. टिकलं.
कडा वीतभर उरला होता.

मग सगळे धापा टाकत उभे.
कुणाच्या बाहीवरचं रक्त कुणाचं, त्यांनाच ठाऊक नाही.
तो मिसरूड न फुटलेला हसला. खरंच हसला.
एसेनकुलनं त्याची पडलेली टोपी उचलून
गुडघ्यावर झटकली.

आणि मग एकेकाला आठवू लागलं
आपण बंदूक कुठे ठेवली ते.

पुढचं विचारायला साहेब आले, नवं रजिस्टर घेऊन.
मी रकाने दाखवले. बर्फ. वारा. वर. खाली.
यात ते कुठे लिहू, म्हटलं.
चौथी गाडी रात्रीच नेली. कुठे, माहीत नाही.
बाकडं मात्र परत आणून दिलं, टायरच्या ठशासकट.

दूधवाला अजून येतो.
माप ओततो, फेस बसेपर्यंत थांबतो.
वळणाबद्दल मी काय बोलले होते
ते त्याला ठाऊक असेल, नसेल.
जाताना नळीकडे बघतो. मीही बघते.

वारा आता मी दिवसातून चारदा लिहिते.
कुणी सांगितलेलं नाही.
त्या तारखेला "खाली" हा रकाना
कोराच आहे.